४८ अंड्यांचे उबवणी यंत्र : पहिल्या हंगामाचा अनुभव

शिमगा जवळ आला की आमच्या परसातल्या गावरान कोंबड्या एकामागून एक खुडूक बसू लागतात. मात्र एक कोंबडी फार तर दहा-बारा अंडी पोटाखाली घेते आणि ती उबवताना व पुढे पिल्ले सांभाळताना अंडी देत नाही. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या तर सहसा खुडूकच बसत नाहीत. म्हणून यंदा फेब्रुवारीअखेर मी साडेपाच हजार रुपयांना हे स्वयंचलित यंत्र घेतले आणि दोन वेळा अंडी लावून झाल्यावर हे लिहीत आहे.

अंडी फिरवण्याची सोय उत्तम आहे. टोकदार बाजू खाली करून अंडी ट्रेमध्ये ठेवली की दर दोन तासांनी ट्रे आपोआप कलतो, आणि त्यात एकदाही खंड पडला नाही. १२ व्होल्टची जोडणी असल्यामुळे ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर भारनियमनही निभावले.

तापमानाच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पडद्यावर ३७.७ अंश दिसत असताना अंड्यांजवळ ठेवलेला ताप मोजण्याचा थर्मामीटर ३७.१ दाखवत होता; ही तफावत सेटिंगमध्ये दुरुस्त करता येते, पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. १८ व्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून ती जाळीवर आडवी ठेवावी लागतात, हेही त्यात नाही, आणि नवख्या माणसासाठी ही चूक महागात पडणारी आहे.

खरी अडचण ओलाव्याची आहे. पहिले १८ दिवस साधारण ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. परंतु सोलापूर जिल्ह्यातल्या मार्चच्या कोरड्या हवेत तळाच्या दोन अरुंद पन्हळींतले पाणी संध्याकाळपर्यंत आटते, आणि ते भरायला झाकण उघडले की ऊब निघून जाते. पहिल्या खेपेला ४८ अंड्यांपैकी सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात सहा फोल निघाली. उरलेल्या ४२ पैकी २९ पिल्ले बाहेर आली, चार आतच मेली आणि नऊ पिल्ले कवचाला टोचा मारून तिथेच अडकली. त्यातले एक अंडे सोलून पाहिले, तेव्हा आतला पातळ पडदा वाळून पिलाच्या पंखाला कागदासारखा चिकटलेला होता. विक्रेत्याला फोन केला, तर “पाणी जास्त घाला” एवढेच उत्तर मिळाले.

दुसऱ्या खेपेला हवेच्या भोकातून सलाईनची नळी आत सोडून बाहेरूनच पाणी भरले आणि शेवटचे तीन दिवस आत ओला स्पंज ठेवला, तेव्हा ४१ सजीव अंड्यांतून ३६ पिल्ले निघाली. एवढी खटपट करण्याची तयारी असेल आणि दीड-दोनशे रुपयांचा वेगळा आर्द्रतामापक घेणार असाल, तर यंत्र पैसे वसूल करून देईल. कोकणातल्या दमट हवेत त्रास बहुधा कमी होईल.

त्या ३६ पैकी दहा पिल्ले मी रात्रीच्या अंधारात खुडूक बसलेल्या तांबडीच्या पोटाखाली सरकवली. पहाटे खुराड्याचे दार उघडले, तेव्हा ती पंख फुगवून माझ्यावरच धावून आली.