कुत्र्यासाठीचा हलका टेंट आणि विकणाऱ्याचा ठरलेला बहाणा

कुत्र्याला बरोबर घेऊन मुक्कामी ट्रेक करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ‘पेट-फ्रेंडली अल्ट्रालाइट’ नावाखाली एका ऑनलाइन विक्रेत्याने माझ्या गळ्यात जुना, कुजलेला टेंट मारला आणि तक्रार केल्यावर सगळा दोष आमच्या भुरीवर ढकलला. तशाच जाहिराती अजून दिसतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

भुरी गावठी आहे, वजन अठरा किलो. तिला न्यायचं म्हणजे तिचं खाणं, जास्तीचं पाणी आणि तिची चटई आपल्याच सॅकमध्ये येते, त्यामुळे टेंट हलका हवा. पण फार तोकडाही चालत नाही. दोन माणसांचा म्हणून विकला जाणारा टेंट एक माणूस आणि एक मध्यम कुत्रा एवढ्यांनाच पुरतो. तळाचं कापड नखांना टिकायला हवं. ट्रेकिंग पोलवर ताणून उभे करायचे टेंट सगळ्यांत हलके असतात, पण ते खुंट्यांवर अवलंबून असतात आणि आपल्याकडे कातळावर खुंटी शिरत नाही. दगड बांधून भागवता येतं, पण आत कुत्रा उठबस करत असेल तर ते ताण सैल होतात. म्हणून मला स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा, आत जाळी आणि वर फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, असा दुपदरी टेंट हवा होता. एकपदरी टेंटमध्ये माणूस आणि कुत्रा दोघांच्या श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते.

जाहिरातीत हे सगळं होतं. वजन ११५० ग्रॅम. २०डी सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉन चढवलेलं पातळ नायलॉन, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा थर, कारखान्यातच टेप लावलेली शिवण, पाणी अडवण्याची क्षमता ३००० मिलिमीटर, म्हणजे कापड तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. किंमत १२,८०० रुपये, पैसे यूपीआयने आगाऊ. फोटोत टेंटच्या दारात एक गुबगुबीत लॅब्रॅडॉर.

त्या वर्णनातच खोटेपणा उघडा पडला होता, हे मला नंतर एका टेंट दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दाखवलं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडाला शिवणीची टेप चिकटत नाही. अशा टेंटची शिवण द्रवरूप सिलिकॉन लावून बंद करावी लागते. टेप लागते ती आतल्या बाजूने पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर असलेल्या कापडाला. ‘दोन्हीकडे सिलिकॉन’ आणि ‘टेप लावलेली शिवण’ हे एकाच कापडाबद्दल कुणी लिहिलं असेल, तर त्याला माल माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय.

टेंट आला तेव्हा काट्यावर भरला २ किलो ३०० ग्रॅम. विचारल्यावर उत्तर आलं, “मॅडम, जाहिरातीतलं वजन ट्रेल वेट आहे.” ट्रेल वेट म्हणजे आतला टेंट, फ्लाय आणि दांडे. खुंट्या, दोऱ्या आणि पिशव्या त्यात धरत नाहीत. तेवढंच वेगळं करून तोललं, तरी दोन किलोच्या आसपास. मग तो म्हणाला, आमचं वजन फक्त फ्लाय आणि दांड्यांचं असतं. मी परत पाठवते म्हटल्यावर त्याचा सूर एकदम गोड झाला: “ताई, एकदा वापरून तर बघा. नाही आवडला तर परत घेऊ, आमची जबाबदारी.” हे त्याने व्हॉट्सॲपवर लेखी दिलं. हाच खरा सापळा होता. वापरायला लावायचं, तेवढ्यात परतीची मुदत संपवायची आणि नंतर ‘वापरलेला माल’ म्हणून हात वर करायचे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही राजमाचीला गेलो. श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी आहे, तिथे ओळखीच्या मावशींच्या अंगणात परवानगीने टेंट लावला. रात्री परतीचा पाऊस आला. शिवणीतून पाणी येईल ही भीती होतीच, पण पाणी फ्लायच्या मधल्या सपाट कापडातूनही झिरपत होतं. ओलं होताच टेंटला आंबट, मुताचा वाटावा असा वास सुटला. मावशींनी आम्हाला ओसरीवर घेतलं आणि भुरीला अंग पुसायला कोरडं पोतं दिलं. ती बराच वेळ कुडकुडत होती. ते बघून मला जो राग आला, तो पैशांसाठी नव्हता.

तक्रारीवर विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं. तळ ओला झाला कारण कुत्र्याने नखांनी भोकं पाडली, वास येतो कारण कुत्र्याने आत लघवी केली, आणि प्राणी आत घेतला की वॉरंटी संपते. ‘पेट-फ्रेंडली’ म्हणून विकलेल्या टेंटला!

फ्लायला भुरीचा पंजाही लागला नव्हता, कारण ती आतल्या टेंटमध्ये होती. मी फ्लायचा मधला भाग बादलीवर झोळीसारखा धरला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि खालून थेंब पडताना व्हिडिओ काढला. कारागिराने आतली बाजू बोटाने घासली तेव्हा पांढुरके, चिकट पापुद्रे निघाले. त्याने सांगितलं, हा पीयूचा थर कुजलाय. दमट हवेत टेंट वर्षानुवर्षं घडी घालून पडला की हा थर पाण्याच्या अंशाने तुटत जातो, चिकट होतो आणि नेमका असाच वास सोडतो. म्हणजे नवा म्हणून विकलेला टेंट गोदामात पडून राहिलेला जुना माल होता. सिलनायलॉनही नव्हतंच. दांड्याच्या खोबणीजवळच्या पट्टीवर १९०टी पॉलिस्टर छापलेलं होतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. टी म्हणजे एका इंचात येणाऱ्या उभ्या-आडव्या धाग्यांची संख्या. दोन्ही आकडे वेगळंच काही मोजतात, पण गिऱ्हाइकाला आकडा मोठा दिसला की बास. रिपस्टॉपचे, म्हणजे फाट पुढे पसरू नये म्हणून घालतात त्या जाड धाग्यांचे, चौकोनही विणलेले नव्हते, नुसते छापलेले होते.

पिशवीवर निर्मिती किंवा आयातीचा महिना-वर्ष, आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, काहीच नव्हतं. एका जागी स्टिकर खरवडल्याची खूण मात्र होती. पाकीटबंद मालावर ही माहिती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती तारीख असती, तर माल किती जुना आहे ते पहिल्या दिवशीच कळलं असतं.

म्हणून कुत्रेवाल्यांना कळकळीने सांगते: टेंट घरी आला की कुत्र्याला जवळ येऊ देण्याआधी खोका उघडण्यापासून सलग व्हिडिओ काढा. त्याच व्हिडिओत वजन करा, शिवणी दाखवा, आतल्या थराचा वास घ्या, बोटाने घासा. अंगणात किंवा गच्चीत लावून वरून पाणी सोडा. एकदा कुत्रा आत गेला की विक्रेत्याच्या हातात बहाणा आयता पडतो. चांगल्या टेंटच्या तळाशीही फोमची चटई घालाच आणि नखं आधी कापून घासून घ्या, कारण पातळ कापडाला नखं बोचतात हे खरंच आहे. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून हे लोक बाकीचं खोटं खपवतात.

पैसे घेऊन माल पाठवलाच नाही तर ताबडतोब १९३० वर सायबर तक्रार करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. माझ्यासारखा खोटा माल आला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून माझं काम झालं नाही, विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही. मग मी ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता कुठल्या राज्यात आहे याने अडत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

माझी तक्रार अजून चालू आहे. टेंट मी धुतलेला नाही की टाकलेला नाही, पापुद्र्यांसकट तसाच ठेवला आहे. तुम्हालाही ११५० ग्रॅमचा असाच टेंट मिळाला असेल, तर वासाला कंटाळून तो भंगारात देऊ नका. ती पट्टी, ते चॅट आणि यूपीआयची पावती जपून ठेवा आणि तुमच्या जिल्ह्यात तक्रार नोंदवा.