इतवारीतलं ताडपत्रीचं दुकान: शिबिरासाठी माल घ्यायचा असेल तर

मी बिछायतवाला. लग्नाचे मंडप, गणपतीचे मांडव, तेरवीच्या कनाती, हेच काम वडिलांपासून चालत आलं आहे. त्यामुळे ताडपत्री हातात घेतली की ती किती पावसाळे काढेल याचा अंदाज येतो. 2025 च्या उन्हाळ्यात मात्र मंडपासाठी नाही, मणिपूरच्या शिबिरांसाठी ताडपत्री घेतली. ती ज्या दुकानातून घेतली त्याबद्दल लिहितो, कारण असा माल घेणाऱ्या मंडळांना, शाळांना आणि सोसायट्यांना याचा उपयोग होईल.

दुकान नागपूरच्या इतवारीत, मस्कासाथच्या बाजूला, एका अरुंद बोळात आहे. नाव लिहीत नाही. सेठजींनीच नको म्हटलं. मदतीचा माल ते जवळपास खरेदीच्या भावात देतात आणि नाव फिरलं तर लग्नाचं गिऱ्हाईकही तोच भाव मागेल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. बोळात दोर-सुतळीवाल्यांना विचारलं तर कोणीही दाखवेल.

आधी माल कशासाठी हवा होता ते सांगतो. मणिपुरात 3 मे 2023 ला हिंसाचार सुरू झाला आणि साठ हजारांच्या आसपास माणसं घरं सोडून निघाली. भांडण तिथल्या दोन समाजांत, मैतेई आणि कुकी-झो. मैतेई पहाडातून खाली आले, कुकी-झो खोऱ्यातून वर गेले. शाळा, कॉलेजं, समाजमंदिरं, मिळेल त्या इमारतीत शिबिरं झाली. दोन वर्षांनी, 2025 मध्येही हजारो कुटुंबं तिथेच होती. आमच्या शेजारी पेइंग गेस्ट राहणारी नर्सिंगची एक विद्यार्थिनी तिकडची. तिचे आईवडील शिबिरात आहेत. कोणत्या बाजूच्या, ते लिहीत नाही. माल दोन्हीकडे गेला आहे.

मोहल्ल्यात वर्गणी जमायला लागली तेव्हा लोक जुने कपडे घेऊन आले. ती पोरगी हात जोडून म्हणाली, "काका, कपडे नका पाठवू. कपड्यांचे ढीग पडलेत. आईला आडोसा पाहिजे." एका हॉलमध्ये पंधरा-वीस कुटुंबं. मध्ये कुठे साडी, कुठे पुठ्ठा, कुठे काहीच नाही. सुनेला, पोरीला कपडे बदलायचे तर बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. असं एक रात्र नाही, दोन वर्षं. हे ऐकल्यावर मला कळलं की यांना छप्पर नको, कनात पाहिजे. आणि कनातीचं काम मला येतं.

आता दुकान. माझ्या माहितीतल्या दोन-तीन ठिकाणी आधी विचारलं होतं. सगळीकडे "दानाचा माल का? मग हा घ्या, स्वस्तात" म्हणून पातळ निळी ताडपत्री पुढे केली गेली. मला त्याचा राग येतो, खरं सांगतो. दान आहे म्हणून हलका माल का? लग्नाचा मंडप एका रात्रीपुरता असतो, त्याला आपण चांगला कपडा लावतो. ज्या बाईला वर्षभर त्या पडद्यामागे राहायचं आहे तिला मात्र सर्वांत स्वस्त माल. इथले सेठजी तसं बोलले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वर लावायची का मध्ये लावायची?" इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

मध्ये लावायची म्हटल्यावर त्यांनी निळे नग बाजूला सारले आणि आतून काळी वीण असलेली, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशनची ताडपत्री काढली. मग पोऱ्याला सांगून दुकानातले दिवे मालवले आणि निळ्या ताडपत्रीमागे मोबाइलचा टॉर्च धरला. मागे उभ्या असलेल्या हमालाची पूर्ण सावली दिसली, हात हलवला तोही दिसला. काळ्या विणीच्या ताडपत्रीमागे काहीच नाही. हॉलमध्ये रात्री कोणी दिवा लावला, तर पातळ पडद्यामागची बाई सगळ्यांना दिसणार. इतकी वर्षं कनाती बांधून राहिलो, पण हा विचार मी कधी केला नव्हता, कारण मंडपाच्या कनातीत कोणी झोपत नाही. रेडक्रॉस आणि संयुक्त राष्ट्रांच्या शिबिरांत जी ताडपत्री वापरतात तीही याच कारणाने अपारदर्शक असते.

दुसरी गोष्ट वजनाची. ताडपत्रीच्या पाकिटावर जीएसएम छापलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. छापलेल्यावर जाऊ नका. आम्ही 12 बाय 18 फुटांची घेतली. ती साधारण 20 चौरस मीटर भरते. 200 जीएसएम असेल तर वजन 4 किलो आलंच पाहिजे. या दुकानात काटा काउंटरवरच आहे आणि सेठजी स्वतः नग काट्यावर टाकतात. एका लॉटवर 200 छापलेलं होतं आणि काट्यावर साडेतीन किलोसुद्धा भरेना. त्यांनी तो लॉट तिथल्या तिथे बाजूला काढला, कंपनीला फोन लावला आणि दुसरा उघडला. आम्ही काही बोलायच्या आधी. मी धंद्यातला माणूस आहे, गिऱ्हाइकासमोर आपलाच माल खोटा आहे म्हणणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.

आकार 12 बाय 18 च का, तेही सांगतो. मदतकार्यात जगभर स्फिअर नावाची मानकं मानतात. त्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर निवाऱ्याची जागा धरलेली आहे, स्वयंपाकाची सोडून. पाच माणसांच्या घराला साडेसतरा चौरस मीटर. म्हणजे एक ताडपत्री जमिनीवर पसरली तर एका कुटुंबाची जागा कशीबशी झाकते. वर छप्पर आणि बाजूला आडोसा दोन्ही हवं असेल तर घरटी दोन लागतात. आम्हाला वर्गणीत 120 नग परवडले, म्हणून हॉलमध्ये राहणाऱ्यांना एक-एक आणि बाहेर पत्र्याखाली राहणाऱ्यांना दोन, असं शिबिरातल्या लोकांनीच वाटून घेतलं.

भाव किलोवर लागला, 210 रुपये किलो. नग 840 ला पडला. त्याच वजनाचा माल मला मंडपासाठी नेहमी याहून महाग मिळतो.

रिंगा तपासायला विसरू नका. ताडपत्री फाटते ती रिंगेपासून. चांगल्या मालात काठ दुमडून आत दोरी घातलेली असते आणि रिंग त्या दुमडीत बसवलेली असते. रिंगेत दोन बोटं घालून अंगातल्या जोराने ओढा. इथे ओढू देतात. आमच्या मालात काही नगांच्या कोपऱ्यातल्या रिंगा सैल निघाल्या. त्या बदलून दिल्या, पण त्यासाठी पुन्हा जावं लागलं. दुकानात रिंग ठोकायचं मशीन आहे, तेव्हा माल बांधायच्या आधीच सगळे नग पाहून द्यायला हवे होते. दुकानाबद्दलची माझी पहिली तक्रार ही. दुसरी तक्रार दोरीची. नायलॉनची 6 एमएमची दोरी त्यांनी दिली ती गुळगुळीत होती, गाठ सरकते. ज्याला रोज गाठी मारायची सवय नाही त्याच्यासाठी खरखरीत दोरी पाहिजे. पुढच्या वेळी मी दोरी दुसरीकडून घेईन.

दोरी मात्र पाठवाच. शिबिरातून फोटो आले त्यात काही ठिकाणी ताडपत्री तारेने बांधलेली दिसली. तार रिंगेला कापते. आम्ही पुढच्या गठाणीत प्रत्येक नगासोबत 30 मीटर दोरी गुंडाळून ठेवली आणि गाठ कशी मारायची याचा एक व्हिडिओ पाठवला, माझ्याच पोराने काढला.

उन्हाबद्दल एक. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर टाकलेली बिनयूव्हीची, म्हणजे ऊन सोसायचं मिश्रण नसलेली, ताडपत्री पापडासारखी कडकड मोडते. मणिपुरात इतकं ऊन नाही, पण पाऊस लांबलचक आहे आणि इंफाळची थंडीही बोचरी. सेठजींनी यूव्हीवाला माल घ्यायचा आग्रह धरला, किलोला थोडे पैसे जास्त लागले. बाहेर लावायची असेल तर ते पैसे वाचवू नका.

माल पोचवण्याची बाजूही दुकानाने सांभाळली, ही मोठी सोय. गठाणी बारदानात शिवून, वर रंगाने आकार आणि नग लिहून दिले. आमचं बिल 50,000 च्या वर गेलं होतं, त्यामुळे ई-वे बिल, म्हणजे माल गाडीने न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागणार होतं. तेही मुनीमजींनी करून दिलं. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला सांगून दोन वेगळ्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, केल्या. दोन का, तर खोऱ्यातलं इंफाळ आणि पहाडातलं चुराचांदपूर यांच्यात अंतर साठेक किलोमीटरचं, पण एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नव्हता. खोऱ्यातला माल गुवाहाटी, दिमापूर, कोहिमावरून इंफाळला, आणि पहाडातला ऐजॉलवरून. एकाच गाडीत घातला असता तर अर्धा माल वाटेत गोदामात पडून राहिला असता. हे आम्हाला त्या पोरीने सांगितलं, आणि मुनीमजींनी एकदाही कुरकुर न करता कागद दोनदा केले.

मार्च 2025 मध्ये नागपुरात महालात दंगल झाली, 17 तारखेला, आणि कर्फ्यू लागला, तेव्हा हा बाजारही बंद होता. आमचं बोलणं त्या आधी सुरू झालं होतं. कर्फ्यू उठल्यावर दुकानात गेलो तर सेठजी म्हणाले, "भाऊ, चार-सहा दिवसांत आमची ही हालत. त्यांचं काय होत असेल?" त्यांचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आलेले, जरीपटक्याच्या कॅम्पात राहिलेले. ते एवढंच बोलले आणि हिशेबाला लागले. हमालीचे पैसे त्यांनी बिलात लावले नाहीत, हे मला घरी आल्यावर बिल वाचताना दिसलं.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: दुकान सकाळी साडेदहानंतर उघडतं, संध्याकाळी बोळात गाडी शिरत नाही, म्हणून गठाणी उचलायच्या असतील तर सकाळीच जा. कार्ड चालत नाही, यूपीआय आणि चेक चालतो. पक्कं बिल मागा, वर्गणी देणाऱ्यांना दाखवता येतं. काय पाठवायचं हे आधी शिबिरातल्या बाईमाणसाला फोन करून विचारा, मग सेठजींकडे जा. आमच्याकडे आता शिबिरातून मच्छरदाण्या आणि सामाईक स्वयंपाकघरासाठी 18 बाय 24 च्या चार ताडपत्र्या मागितल्या आहेत. मच्छरदाण्या या दुकानात मिळत नाहीत, त्या गांधीबागेत पाहतो आहे. ताडपत्र्या इथूनच घेणार.