पोकळ भिंतीसाठी वेगळ्या स्क्रूचा सॉकेट बॉक्स: वापरून बघितल्यावर

सांगलीत माझे बाबा वायरमन होते. वीट फोडून झिरी काढायची, सॉकेटच्या मागचा लोखंडी बॉक्स सिमेंटात बसवायचा, की तो जन्मभर हलत नाही. इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, आमच्या घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर १२.५ मिमीचा प्लास्टरबोर्ड (दोन जाड कागदांमध्ये भरलेला जिप्सम). मागे सगळी पोकळी. बॉक्सला धरायला फक्त तो बोर्ड, म्हणून तो कशाने धरलाय याला इथे फार महत्त्व आहे.

स्वयंपाकघरातला सॉकेट आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी बसवलेला. सासूबाईंनी मिक्सरचा प्लग ओढला की प्लगबरोबर प्लेटही भिंतीतून पुढे यायची. ब्रिटिश प्लग मुळातच घट्ट बसतो, तो काढायला जोर लागतो आणि तो जोर दरवेळी बॉक्सवर येतो. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून प्लेट काढली. भोक बॉक्सपेक्षा मोठं कापलेलं, आणि बॉक्सला आतून धरून ठेवणारा मागचा एक कान (छोटी पट्टी) बोर्डावर नाही तर बोर्डाच्या फाटक्या कागदावर टेकलेला! असा बॉक्स नुसता दिसायला वाईट नसतो. तो हलला की तारा हलतात, टर्मिनल सैल होतं, आणि सैल टर्मिनल तापतं.

बाजारात अशा पोकळ भिंतींसाठी दोन तऱ्हेचे बॉक्स मिळतात, त्यांना ड्राय लायनिंग बॉक्स म्हणतात. दोन्हींत पुढची पातळ कड बोर्डाच्या तोंडावर बसते आणि मागचे कान बोर्डाला आतून दाबतात. पहिल्या तऱ्हेत ते कान प्लेटच्याच स्क्रूंनी ओढले जातात. म्हणजे रंग द्यायला प्लेट काढली की बॉक्सही ढिला, आणि कान आत सरकले तर परत बाहेर काढायची कसरत. दुसऱ्या तऱ्हेत कानांना स्वतःचे वेगळे स्क्रू असतात. स्क्रू फिरवला की कान बोर्डामागे आडवा होतो आणि मग घट्ट होत पुढे येतो. मी ही दुसरी तऱ्हा घेतली, दोन गँगची (म्हणजे जोड सॉकेटची), ३५ मिमी खोल. प्लेट काढून बॉक्स हाताने ओढून बघितला, जागचा हलला नाही. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे द्यावेत.

पण बॉक्स कितीही चांगला असला तरी भोक चुकलं की काही उपयोग नाही. त्याची कड जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. बॉक्सची मागची बाजू भिंतीला लावून, लेव्हल धरून पेन्सिलीने रेघ मारायची आणि जॅब सॉने (टोकदार हातकरवतीने) रेघेच्या आतून कापायचं. कमी पडलं तर तासता येतं, जास्त कापलं तर बोर्ड परत येत नाही. कापण्याआधी केबल आणि पाण्याचे पाइप शोधणारं यंत्र फिरवायचंच. आधीच्या सॉकेटच्या किंवा स्विचच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत तर केबल असणार असंच धरायचं. स्क्रू हाताने आवळा. ड्रिलने आवळले तर कान बोर्डाचा आतला कागद फोडून जिप्सममध्ये रुततात आणि पकड जाते.

स्वयंपाकघरातलं ते मोठं भोक मात्र कुठल्याही बॉक्सने झाकलं नसतं. तिथला तुकडा चौकोनी कापला, आत दोन लाकडी पट्ट्या सरकवून बोर्डातून स्क्रूने पकडल्या, त्यावर नवा तुकडा बसवून सांधे भरले आणि वाळल्यावर नव्याने भोक कापलं. तारा जोडायचं आणि तपासायचं काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने केलं. इंग्लंडमध्ये चालू सर्किटवर एखादा सॉकेट वाढवायला बहुतेक खोल्यांत कौन्सिलला कळवावं लागत नाही, तरी चाचणीचा कागद हातात असलेला बरा.

तक्रारी दोन. कडेमुळे प्लेट भिंतीपासून किंचित उचललेली राहते, लोखंडी बॉक्ससारखी चपखल बसत नाही. आणि ३५ मिमीमध्ये यूएसबीचा सॉकेट कोंबावा लागतो. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलामागे तसा हवा होता, तिथे ४७ मिमीचाच घेतला आणि तारा आरामात बसल्या.

सगळ्या भिंतींना हा बॉक्स चालणार नाही. बाहेरच्या भिंतीवर बोर्ड काँक्रीटच्या ब्लॉकला चिकट मसाल्याच्या गोळ्यांनी चिकटवलेला असेल तर मागची फट इतकी कमी असते की बॉक्स ब्लॉकला अडतो, तिथे ब्लॉक थोडा फोडून त्यातच बॉक्स पक्का केलेला बरा. जुन्या व्हिक्टोरियन घरातल्या लाकडी पट्ट्यांवरच्या चुन्याच्या गिलाव्याची कड भुगा होते, तिथेही कान धरत नाहीत. फ्लॅटमध्ये दोन घरांमधली भिंत आगरोधक असते, तिच्यात विचारल्याशिवाय भोक पाडूच नका.

आणि काम काढून भिंत उघडीच असेल तर हा बॉक्स घेऊच नका. दोन उभ्या लाकडांमध्ये आडवं लाकूड ठोका आणि त्यावर लोखंडी बॉक्स स्क्रूने बसवा, त्याला अर्थिंगची तार जोडायला विसरू नका. बाबांना तीच पद्धत पटली असती. बंद भिंतीसाठी मात्र मी पुन्हा हाच, वेगळ्या स्क्रूचा बॉक्स घेईन. पाचपैकी चार.