पॉवर विंडो बिघडली: नुसती मोटर, अख्खं मशीन, की केबलचं किट?

बटणावर चालणारी गाडीची काच अर्ध्यावर अडकली की पहिलं निदान ऐकू येतं ते 'मोटर गेली'. असेलही. पण मोटर, रेग्युलेटर (म्हणजे काच वरखाली करणारं 'मशीन'), स्विच आणि वायरिंग यांत दोषी कोण हे कळल्याशिवाय पर्यायांची तुलना व्यर्थ आहे. बऱ्याचदा ते कळायला दाराचं आतलं पॅनलही खोलावं लागत नाही, कान पुरतात.

बटण दाबल्यावर मोटर घुंऽऽ करत फिरते पण काच ढिम्म हलत नाही, किंवा काच धपकन दरवाजाच्या पोटात गेली, तर मशीन गेलं. करकर आवाज येतो आणि काच एका अंगाला कलते, तेव्हा केबल उसवलेली असते किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा फुटलेला असतो. म्हणजे पुन्हा मशीनच. काच रखडत, हळूहळू चढते? तिथे बहुधा काहीच बदलू नका. काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचा साफ करून त्यांत सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. आणखी एक गोष्ट: अडलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर मोटर तापते आणि बहुतेक मोटरींमधलं संरक्षण तिला बंद पाडतं. थोड्या वेळाने ती आपसूक जिवंत होते. तोवर आपण तिला मृत घोषित केलेलं असतं.

अजिबात आवाज नसेल तेव्हा मात्र घाई करू नये. आधी ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघा (हसू नका, बघा), मग फ्यूज. काच ड्रायव्हरच्या बटणाने चालते पण स्वतःच्या बटणाने नाही, तर बहुधा ते बटणच खराब. हे सगळं ठीक असेल तर पॅनल काढून मोटरच्या प्लगमधल्या दोन वायरींमध्ये टेस्ट लॅम्प (वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावा. साध्या रचनेत मोटरला दोनच वायरी असतात; एकीला 12 व्होल्ट, दुसरी अर्थला, आणि काच उलट दिशेला न्यायची तर स्विच या दोघींची अदलाबदल करतो. बटण दाबल्यावर दिवा लख्ख पेटला तर वीज पोचते आहे, दोष मोटरचा. नाही पेटला तर दोष स्विचचा किंवा वायरिंगचा, मोटर बहुधा निर्दोष. मोटरवरच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असलेल्या गाड्यांत वायरी जास्त असतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

ही चाचणी टाळून मी एकदा नवी मोटर बसवली आहे. काच तशीच. नंतर लक्षात आलं, दार एका ठरावीक कोनात उघडलं की काच चालते. दार आणि गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटली होती. दर उघडझापीला तिथेच वाकते, म्हणून तिथेच तुटते.

आता मूळ प्रश्न. मशीन दोन प्रकारचं असतं. कात्रीसारख्या लोखंडी दांड्यांचं मशीन दणकट असतं. त्यात मोटर गेली तर नुसती मोटर बदलणं शहाणपणाचं. फक्त सावध राहा: अशा अनेक मशीनना काचेचं वजन तोलायला स्प्रिंग असते. मोटर सोडवण्याआधी दातेरी पट्टी बोल्टने जखडली नाही, तर दांडे झटक्यात फिरतात आणि बोटं सापडतात.

दुसरा प्रकार केबलचा: मोटर एका ड्रमवर (गोल चरकीवर) केबल गुंडाळते आणि ती काचेला रेलवरून वरखाली ओढते. या मशीनमध्ये गणित उलटं. तिथे मोटरपेक्षा केबल आणि प्लास्टिक आधी दगा देतात. केबलचं किट (म्हणजे नुसती नवी केबल आणि प्लास्टिकचे तुकडे) सगळ्यात स्वस्त पडतं खरं, पण ड्रमवर केबल योग्य ताणाने गुंडाळणं हे चिकाटीचं काम आहे, आणि रेल झिजलेली असेल तर नवी केबलही तिथेच घासून संपते. माझं मत सरळ आहे: तुमच्या मॉडेलचं मशीन मिळतच नसेल तरच किट. एरवी अख्खं मशीन. ते मोटरसकट घ्यावं का? केबल अचानक तुटली आणि मोटरचा आवाज खणखणीत असेल, तर मोटरविना घेऊन जुनीच मोटर त्यावर चढवा. काच महिनोन्महिने रखडत असेल, तर मोटरने तो सगळा भार सोसलाय, तिथे मोटरसकट.

जुन्या गाडीतून काढलेला माल? स्विच बेलाशक घ्या. मोटर आधी बॅटरीवर फिरवून बघितली तर चालेल. केबलचं मशीन मात्र नको. त्यातलं प्लास्टिक तुमच्या गाडीतल्याइतकंच म्हातारं असतं.

स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं हे बहुतेक वेळा रिव्हेटवर (पाना लावून न सुटणाऱ्या, ठोकून बसवलेल्या खिळ्यांवर) ठरतं. मशीन बोल्टने बसवलेलं असेल तर एक मोकळी दुपार पुरते: हँडलमागचे लपलेले स्क्रू, पॅनलच्या क्लिपा, काच वर ढकलून चौकटीला चिकटपट्टीने घट्ट बांधणं, आणि काम. रिव्हेट असतील तर ड्रिल लागतं. हाताशी नसेल तर गॅरेज बरं. काही गाड्यांत साइड एअरबॅगसाठी दारातल्या हवेचा दाब ओळखणारा सेन्सर दारातच असतो, तिथेही मी हात घालत नाही. आतला प्लास्टिकचा पडदा कुणीही काढला तरी पुन्हा नीट चिकटवला आहे ना, हे बघाच. नाहीतर पावसाचं पाणी थेट गाडीत येतं. एका स्पर्शात वर जाणारी काच असेल तर काम झाल्यावर तिला नव्याने शिकवावं लागतं. बहुधा काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरायचं असतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

आणि एक पर्याय कुणी सांगत नाही: दुरुस्तीच न करणं. मागची काच वर्षातून दोनदा उघडत असाल, तर ती वर चढवून आतून लाकडी ठोकळ्याने पक्की करा आणि प्लग काढून ठेवा. ड्रायव्हरच्या काचेला मात्र ही सवलत नाही. दार जाम झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते.