शाईनच्या नावाने घातलेला गंडा

आमच्या रंगकामाच्या कॉन्ट्रॅक्टरने आम्हाला दोन्हीकडून लुटलं. चकाकी नको होती तिथे जादा दर लावून चकाकी दिली, आणि हवी होती तिथे तिचे पैसे घेऊन डिस्टेंपर, म्हणजे स्वस्तातला, पूड सुटणारा रंग फासला. गणपतीच्या आधी अर्धी मुंबई रंगकाम काढते, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

घर पार्ल्याला, जुन्या बिल्डिंगमध्ये, ५२० फूट कार्पेट. हा माणूस बोलायला गोड, आणि शेजारच्या विंगमधलं काम नुकतंच संपवलेला. "ताई, सगळीकडे हाय शीन मारू. एकदम रिच लुक. मॅट म्हणजे चाळीतला रंग हो." दर मटेरियलसकट ३४ रुपये फूट. शीन म्हणजे चमक, मॅट म्हणजे बिनचमक. त्याचं म्हणणं असं की जितकी चमक जास्त तितका रंग भारी. पुढचा सगळा गंडा या एका वाक्यावर उभा होता.

खरं तर महागातले महाग रंग मॅटमध्येही मिळतात. चमक ठरते ती रंगातल्या रेझिनच्या आणि पूड-पिगमेंटच्या प्रमाणावर. रेझिन जास्त असेल तर वाळल्यावर थर गुळगुळीत होतो आणि उजेड आरशासारखा एका दिशेने परततो. पूड जास्त असेल तर पृष्ठभाग बारीक खरबरीत राहतो, उजेड विखुरतो, भिंत शांत दिसते. चमकदार थर पुसायला सोपा, पण भिंतीतला प्रत्येक उंचवटा तो दाखवून देतो. मॅट तोच उंचवटा गिळतो. म्हणून सिलिंगला मॅट. हॉल-बेडरूमच्या भिंती जुन्या असतील तर मॅट किंवा अगदी कमी शीन. स्वयंपाकघर, पॅसेज, मुलांची खोली, जिथे तेल-हात लागतात तिथे सॅटिन किंवा सॉफ्ट शीन, म्हणजे मधली चमक. दरवाजे, चौकटी, ग्रिल यांना ऑइल पेंट, म्हणजे एनॅमल; त्यातही सॅटिन फिनिश मिळतं. आणि जिथे पावसात ओल येते त्या भिंतीवर आधी गळती थांबवा. वर जाड चमकदार थर दिलात तर आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि रंगाला फुगे येतात.

आमच्या हॉलची लांब भिंत खिडकीला लागून आहे, उजेड तिच्यावर आडवा पडतो. प्लास्टर जुनं, जागोजागी पॅच मारलेले. हाय शीनचा दुसरा हात वाळला आणि सगळे पॅच नकाशासारखे उठून दिसायला लागले. कॉन्ट्रॅक्टर आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, भिंतच वाकडी आहे तुमची. पीओपी पनिंग करावं लागेल. २८ हजार एक्स्ट्रा." (पनिंग म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर देऊन भिंत सपाट करणं.) मी विचारलं, वाकडी आहे हे आधी दिसलं नव्हतं का? "आधी कळत नाही ना." रोज हातात पट्टी घेऊन पुट्टी भरणाऱ्या माणसाला कळत नाही! नंतर नणंदेने लालबागहून आपले जुने पेंटर पाठवले. त्यांनी मोबाइलची टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरली आणि क्षणात प्रत्येक लाट दाखवली. ही युक्ती रंग लावायच्या आधी कुणीही करू शकतं. काही कॉन्ट्रॅक्टर मुद्दाम अशा भिंतीवर शीन मारतात आणि मग दुरुस्तीचं वेगळं बिल लावतात, असंही त्यांनीच सांगितलं. वर चमकदार रंगात छोटा टचअप लपत नाही, डाग वेगळा चमकतो. म्हणजे दुरुस्ती करायची तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत आली.

स्वयंपाकघरात उलटा प्रकार. कागदावर धुता येणारा सॅटिन. रंगवून महिना उलटला तेव्हा ओट्यामागे फोडणीचे शिंतोडे उडाले, ओल्या फडक्याने पुसले तर फडक्यावर क्रीम रंगाची पूड. ताज्या रंगाला पूर्ण पिकायला काही आठवडे लागतात, घाईत घासला तर चांगला रंगही थोडा सुटू शकतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच आरडाओरडा करू नका. पण महिन्यानंतर पूड येतेय म्हणजे तो धुता येणारा इमल्शन रंग नव्हे.

पुरावा लॉफ्टवर सापडला. "रिकामे डबे आमचेच असतात ताई," म्हणत तो सगळे डबे घेऊन गेला होता, एक बादली मात्र मागे राहिली. बाहेर महागड्या इमल्शनचं लेबल, झाकणावर, दुकानात शेड मिसळल्यावर लावतात त्या टिंटिंगच्या स्टिकरवर भलताच शेड कोड आणि आदल्या वर्षीची तारीख, आणि आत तळाशी वाळलेला डिस्टेंपर. बाजूला डिस्टेंपरची फाटलेली पिशवीसुद्धा, २० किलोची. इमल्शन लिटरवर विकतात, डिस्टेंपर किलोवर. त्यामुळे साइटवर किलोचं पॅकिंग दिसलं की तिथेच विचारा. शिवाय डब्यांत पेंटरसाठी कंपन्यांचे टोकन किंवा स्कॅन करायचे कोड असतात, त्याचे पैसे पेंटरला मिळतात. त्यात गैर काही नाही; पण तो अमुकच रंगाचा आग्रह का धरतो याचं उत्तर कधीकधी तिथे असतं. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडला आणि टोकन त्याने खिशात घातलं तर घालू द्या. निदान डबा नवा होता हे तरी कळतं.

मग आम्ही टेप घेऊन मोजायला बसलो. त्याने बिलात २०८० फूट लावले होते, म्हणजे सरळ कार्पेट गुणिले चार. खिडक्या, कपाटं, टाइल्स वजा जाता भिंती आणि सिलिंग मिळून भरले १६१० फूट. फरक ४७० फुटांचा, रुपयांत १५,९८०. लिटरचा हिशेबही जमेना. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे साधारण १२० ते १४० फूट निघतात, म्हणजे एवढ्या कामाला बारा लिटरच्या आसपास इमल्शन लागायला हवं. दुकानदाराच्या ज्या पावत्या त्याने दाखवल्या त्यांत इमल्शन चारच लिटर. ते हॉलमध्येच संपलं असणार.

पुढचं काम लालबागच्या पेंटरकाकांकडे दिलं. त्यांच्याकडून कागदावर खोलीवार लिहून घेतलं: कुठलं प्रॉडक्ट, कुठलं फिनिश, प्रायमर-पुट्टीचे किती हात, मोजमाप टेपचं. "प्लास्टिक पेंट" किंवा "शाईनवाला" असं मोघम काही नाही. हॉल त्यांनी घासून मॅट केला, पनिंग न करता, आणि पॅच दिसेनासे झाले.

पहिल्याच्या विरोधात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली. बादलीचे, पिशवीचे फोटो जोडले. त्याने स्वयंपाकघराचे पैसे परत दिले. मोजमापातल्या फरकाबद्दल फोन केला की "ताई, साइटवर आहे" म्हणतो. टेपने मोजलेला कागद त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, निळ्या टिक्स आल्या आहेत.