६४ जीबीच्या नावाखाली ८ जीबी: ठाण्यात पेनड्राइव्ह घेताना झालेली फसवणूक

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर नेट धड चालत नाही. म्हणून आमचा गट दहावीच्या तासांचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून तिथल्या मुलांना देतो. यंदा ठाणे स्टेशनजवळच्या एका होलसेलवाल्याकडून ६४ जीबीचे पन्नासेक पेनड्राइव्ह घेतले. आधी दोन नमुने आणून पूर्ण तपासले, ते चोख निघाले, मगच लॉट उचलला. निम्मे पैसे यूपीआयने, निम्मे रोख. बिल कच्चं, "पक्कं पाठवतो ताई," म्हणाला, ते अजून आलेलं नाही. नमुना खरा द्यायचा आणि लॉटमध्ये खोटा माल घालायचा, अशी ही लबाडी आहे.

लिनक्सवर (विंडोजऐवजी आम्ही हीच ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो) एका यूएसबी हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला, बरेच ड्राइव्ह लावून कॉपी सुरू केली, तेव्हा दोन-तीन मध्येच गळाले. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) नोंदींमध्ये, 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि 'बफर आय/ओ एरर'च्या ओळी. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा हब आणला आणि ते थांबलं. ती भानगड करंट कमी पडण्याची होती. बनावट ड्राइव्ह मात्र एकही एरर न देता शेवटपर्यंत भरले. मला सगळ्यात जास्त चीड याचीच आली.

बनावट ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या आतल्या चिपमध्येच, खोटी साइज भरलेली असते. आत डेटा साठवणारी चिप ८ जीबीची, पण कॉम्प्युटरने विचारलं की उत्तर ६४. आठच्या पुढचा डेटा आला की 'लिहिलं' म्हणून कळवायचं आणि तो टाकून द्यायचा, नाहीतर आधीच्याच डेटावर चढवायचा. मग कर्नल एरर देणार कुठून? फाइलींची नोंद ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, त्यामुळे नावं, साइज सगळं जागच्या जागी दिसतं. बीजगणिताचे धडे छान चालले. भूमितीचा पहिला व्हिडिओ लावला तर प्लेअर काळा, आवाज नाही, काही नाही. फाइल उघडून बघितली तर आत नुसती शून्यं.

कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेला ताळ्याचा आकडा) मूळ फाइलीशी जुळवायचा आमचा रिवाज आहे, म्हणून हे पोरांच्या हाती जाण्याआधी कळलं. जुळवण्याआधी ड्राइव्ह काढून परत लावा. नाहीतर लिनक्स ड्राइव्हऐवजी रॅममधल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या प्रतीतूनच, वाचतो आणि सगळं बरोबर असल्याचं दाखवतो. त्याहून खात्रीची तपासणी एफ३ या मोफत साधनाने होते. एफ३राइट ड्राइव्ह गच्च भरतो, एफ३रीड तो परत वाचून किती डेटा शाबूत आणि किती गेला ते सांगतो. आमच्या एका ड्राइव्हवर सातेक जीबी शाबूत, बाकी सगळा 'लॉस्ट', म्हणजे गेलेला. दुसरी खूण म्हणजे सिरियल नंबर. खोट्या ड्राइव्हपैकी जितके पाहिले, त्या सगळ्यांचा एकच!

दुकानात गेलो तर म्हणे, "ताई, तुमच्या लिनक्सने खराब केले. विंडोजला लावा, चौसष्टच दाखवेल." दाखवणारच, विंडोजही कंट्रोलर सांगतो तेच दाखवतो. तिथेच लॅपटॉप उघडून न फोडलेल्या पाकिटातला ड्राइव्ह एफ३प्रोबला (एफ३मधलीच झटपट तपासणी) दिला. स्क्रीनवर 'काउंटरफिट' (बनावट) असं स्पष्ट आलं. त्यावर उत्तर काय, तर "आता पाकीट फोडलंत, माल परत घेत नाही." पैसे त्याने आजवर परत दिलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, कच्चं बिल आणि एफ३चे निकाल जोडले आहेत. दाद लागली नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत.

घाऊक ड्राइव्ह घेणाऱ्या शाळांनी, क्लासवाल्यांनी आणि लग्नाचे व्हिडिओ देणाऱ्या फोटोग्राफरांनी लॉटमधला प्रत्येक नग तपासावा, नमुन्यावर जाऊ नये. पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि अशा ड्राइव्हवर कुणी आधीच फोटो-व्हिडिओ भरले असतील, तर ते तपासून होईपर्यंत मोबाइलमधली किंवा कार्डवरची मूळ प्रत कृपा करून डिलीट करू नका.