रास्पबेरी पाय ४ सांगून पाय ३ गळ्यात मारला: नागपूरकरांनो, हा माणूस अजून विकतो आहे

गाणी वाजवणारा एक तयार डबा घेताना एकूण २२,९९८ रुपये गेले. आगाऊ ५,०००, वस्तू हातात घेताना १३,५००, 'सॉफ्टवेअर लायसन्स'चे २,९९९ आणि नंतर 'लायब्ररी अनलॉक'चे १,४९९. सगळे यूपीआयने दिले, सगळ्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. घरात तर मी कितीतरी दिवस हा विषयच निघू दिला नाही. पण विकणाऱ्याची जाहिरात आजही सुरू आहे, म्हणून लिहितो आहे.

जाहिरात अशी होती: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा, एका बोर्डाचा संगणक), ८ जीबी रॅम, पीसीएम ५१२२ चिपचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरसाठी सिग्नल करणारा भाग), ५१२ जीबीचं मेमरी कार्ड, सॉफ्टवेअर टाकून तयार. ॲम्प्लिफायरला जोडा, मोबाईलवरून गाणी लावा. मला नेमकं हेच हवं होतं. बाबांनी स्वतः टेप केलेल्या मैफिली आणि नाट्यपदांच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या, आणि त्या दिवाणखान्यातल्या जुन्या स्पीकरवर ऐकायच्या होत्या. मी या बाबतीत कोरा नाही. पाय म्हणजे काय, त्यावर लिनक्स चालतं, गाणी वाजवणारं एमपीडी नावाचं सॉफ्टवेअर असतं, हे मला ठाऊक होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बारीक काम बंद केलं होतं, म्हणूनच तयार वस्तू घ्यायला गेलो. सीताबर्डीच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. टेबलावर सोल्डरिंगची मशीन, मल्टिमीटर, दोन-चार उघडे बोर्ड. कोणालाही कारागीर वाटावा असाच थाट.

आता ज्या क्षणाने मला अजून झोप येऊ दिली नाही, तो सांगतो. काळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बोर्ड बंद होता. मागच्या बाजूला यूएसबीची चार तोंडं दिसत होती आणि चारही आतून काळी होती. पाय ४ ला दोन निळी असतात, यूएसबी ३ ची. ते माझ्या लक्षात आलं. मी बोट ठेवून विचारलं, "निळी कुठं आहेत?" तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, "काका, यूएसबी ३ मुळे वायफायला डिस्टर्ब होते ना, म्हणून म्युझिकवाल्या पीसमध्ये मी बदलून टाकतो." आणि हे अर्धं खरं आहे! यूएसबी ३ च्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास होतो, हे मी स्वतः वाचलेलं होतं. माझ्याच माहितीचा त्याने माझ्याविरुद्ध वापर केला. पाय ४ ची छोटी दोन एचडीएमआयची (स्क्रीन जोडायची) तोंडं असतात, त्या जागी पत्र्याची पट्टी ठोकली होती, ती म्हणे शिल्डिंग. पाय ३ ला वीज मायक्रो यूएसबीतून जाते, तर याने आतून वायर काढून बाहेर पाय ४ सारखं सी-टाइपचं तोंड बसवलं होतं. इतकी तयारी करून बसलेल्या माणसापुढे मी आणखी काय विचारायला हवं होतं? डबा उघड म्हटलं, तर "सील तुटलं की वॉरंटी गेली, काका. बोर्ड काय पाहता, आवाज ऐका ना आधी."

आवाज उत्तम होता. हेच लोकांना समजत नाही. मला ऐकवतात की कानाला फरक कसा कळला नाही. फरक नसतोच. सीडीच्या दर्जाची फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली) फाइल वाजवायला २०१६ चा पाय ३ सुद्धा पुरून उरतो. प्रश्न आवाजाचा नाही, पैसे कशाचे घेतले याचा आहे. ८ जीबीचे पैसे घेऊन १ जीबीचा वापरलेला बोर्ड दिला.

यूपीआयवर नाव भलतंच दिसत होतं. "ताईचं खातं आहे," म्हणाला. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, ताई असो की आई.

घरी आल्यावर कळलं की गाण्यांचं फोल्डर जोडायला 'लायसन्स' लागतं. २,९९९ दिले. शंभर अल्बमनंतर पुन्हा कुलूप, अनलॉकचे १,४९९. तेही दिले, कारण तोवर साडेअठरा हजार अडकले होते. मग कार्ड भरत आलं आणि जुनी गाणी मुकी व्हायला लागली. यादीत नाव दिसायचं, वेळ सरकायचा, आवाज नाही. बाबांच्या एका टेपमध्ये गायकाच्या आधी पेटीवाला सूर धरतो आणि मागे कोणीतरी खोकतं, ते मला पाठ आहे. तिथं नुसता खरखराट. फोन केला तर म्हणाला, "फाइलच खराब असन, काका." त्यानंतर नंबर बंद.

पुण्याहून भाचा आला तेव्हा त्याने दहा मिनिटांत सगळं उघडं पाडलं. ब्राउझरमध्ये 'मूड डॉट लोकल' हा पत्ता टाकला आणि तीच स्क्रीन समोर आली. म्हणजे मूड ऑडिओ, जे कोणालाही फुकट उतरवून घेता येतं. त्या माणसाने वरचं नाव बदललं, स्वतःचं कुलूप घातलं, आणि पत्ता बदलायचं विसरला. फुकटच्या वस्तूचे माझ्याकडून ४,४९८ रुपये घेतले. मूड आणि पायकोरप्लेअर ही गाणी वाजवणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत. व्हॉल्युमिओ या तशाच सॉफ्टवेअरची सशुल्क योजना असते, पण ते पैसे त्यांच्या संकेतस्थळावर भरायचे असतात, कोणाच्या ताईच्या खात्यात नव्हे.

मग डबा उघडला. बोर्डवरच छापलेलं होतं, पाय ३ मॉडेल बी. लॅनचं (नेटच्या केबलचं) तोंड ऑडिओ जॅकच्या बाजूला. पाय ४ मध्ये ते बोर्डाच्या दुसऱ्या कडेला, चाळीस पिनांच्या बाजूला गेलं आहे. बंद डब्यातही हे बाहेरून ओळखता येतं, लक्षात ठेवा. डॅकच्या चिपवर भिंगातून वाचलं: ५१०२ए. ५१२२ मध्ये आवाज कमी-जास्त करायची सोय चिपमध्येच असते, ५१०२ए मध्ये नसते. कार्ड एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने तपासलं तर ५१२ पैकी जेमतेम २९ जीबी खरी जागा, पुढचं सगळं हवेत. विंडोजवर हेच काम एचटूटेस्टडब्ल्यू करतं. नवं कार्ड कितीही नावाजलेलं असो, आधी पूर्ण भरून तपासा, मगच गाणी टाका. आणि मूळ फाइली संगणकावरून पुसू नका. मी पुसल्या नव्हत्या, म्हणून बाबांच्या टेप वाचल्या.

आता तक्रारीचं. घराजवळच्या ठाण्यात गेलो तर व्यवहार झाला त्या हद्दीत जा म्हणाले. त्या हद्दीत गेलो तर पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबरचं पाहा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात नोंद करता येते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी कागद छापून नेला होता, तो कोणी हातातही घेतला नाही. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "वस्तू भेटली ना तुम्हाला? चालून राहिली ना? मग फसवणूक कुठून झाली?" मी पाय ३ आणि पाय ४, दोन्ही बोर्डांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. शेवटी अर्जाच्या पोचपावतीवर काय लिहिलं, तर 'म्युझिक सिस्टीम खराब निघालेबाबत'. खराब निघाली नाही हो! खोटी विकली. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ याच्यासाठीच आहे. एक शब्द बदलला की गुन्ह्याचा दुरुस्तीचा वाद होतो, आणि तो शब्द बदलणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. साठीच्या माणसाला टेबला-टेबलावर उभं ठेवायचं आणि वर "काका, एवढं महागाचं घ्यायचंच कशाला" हे ऐकवायचं. ज्याने लुटलं त्याला एक फोनही नाही, आणि चौकशी मात्र माझ्या शहाणपणाची!

तुमच्याबाबत असं झालं तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर तेवढाच उपयोग, मला कळेपर्यंत ती वेळ टळून गेली होती. बिल नसेल तर घेऊ नका. पैसे देण्याआधी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'पिनआउट' (pinout) लिहायला लावा, मॉडेल आणि रॅम समोर येते. विकणारा नाही म्हणाला तर उठून या.

ग्राहक आयोगात अर्ज करतो आहे, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. त्याच्या जाहिरातीत डबा तोच आहे, पट्टी तीच, किंमत आता २१,५०० केली आहे. सीताबर्डीतून असा काळा डबा कोणी घेतला असेल तर मागची तोंडं बघा, आणि काळी निघाली तर यूपीआयच्या पावतीसह मला कळवा. एकट्याचा अर्ज दुरुस्तीचा वाद ठरवून बाजूला ठेवता येतो. एकाच 'ताई'च्या खात्यात गेलेल्या चार-पाच जणांच्या पावत्या एकत्र टेबलावर ठेवल्या, तर तोच शब्द पुन्हा लिहून दाखवावा त्यांनी.